वॉलबी: कुठे बघावी, कशी ओळखावी, शिकार कशी करावी (दक्षिण कँटरबरी, न्यूझीलंड)

वायटाकीकाठ (धागाकर्ता)

टिमारू, वायमाटे, ॲशबर्टन भागात डेअरीवर काम करणारी आपली बरीच मंडळी हल्ली बंदुकीचा परवाना काढायला लागली आहेत. परवाना हातात पडला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथे वॉलबी खंडीभर आहेत म्हणतात, मग आम्हाला एकही का दिसत नाही?" गटावर दर वेळी तेच टंकायचा कंटाळा आला, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वॉलबी म्हणजे कांगारूच्याच कुळातला, पण लहान प्राणी. आपल्याकडे दिसते ती बेनेट्स वॉलबी, मूळची टास्मानियाची. १८७४ साली वायमाटेजवळच्या हंटर्स हिल्समध्ये एक नर आणि दोन माद्या सोडल्या, शिकारीची हौस म्हणून. आज त्यांची प्रजा रँगिटाटा नदीपासून वायटाकी नदीपर्यंतच्या डोंगरांत पसरली आहे. या पट्ट्याला 'कंटेनमेंट एरिया' (वॉलबी याच्याबाहेर जाऊ नये म्हणून आखलेला पट्टा) म्हणतात, साधारण नऊ लाख हेक्टर. त्याच्याही बाहेर, वायटाकीपलीकडच्या ओटागो प्रांतात ती पोचली आहे. मेंढ्यांचं गवत खाते, टसॉक (झुबक्यांनी वाढणारं उंच गवत) कुरतडते, जंगलातली नवी रोपं वाढू देत नाही. तीन वॉलबी मिळून एका मेंढीचा चारा खातात असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशोब आहे. त्यामुळे तिच्या शिकारीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. पण जागेची परवानगी आणि बंदुकीचा कायदा दोन्ही कडक आहेत, त्यावर खाली येतोच.

आता मुद्दा. वॉलबी दिसत नाही, कारण तुम्ही चालत असता. नवीन माणूस काय करतो? बंदूक खांद्याला लावतो आणि टेकडी चढायला लागतो. दगड घरंगळतात, माटागौरी झुडपाचे काटे जॅकेटवर खर्रखर्र ओढले जातात, आणि तीनशे मीटरवरची वॉलबी तुमच्या आधी सगळं ऐकून झुडपाच्या पलीकडे निघून गेलेली असते. वॉलबीच्या शिकारीत चालणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त मिळतं. उजाडायच्या आत समोरच्या उतारावर जाऊन बसा. समोरच्या म्हणजे, ज्या उतारावर वॉलबी असतील त्यावर नव्हे, दरीच्या अलीकडच्या. त्याच उतारावर उभं राहिलात तर झुडपं एकमेकांत मिसळलेली दिसतात. पलीकडून बघितलं की प्रत्येक झुडपामधली मोकळी जागा, मेंढ्यांच्या वाटा, गवताचे तुकडे सगळं नकाशासारखं उघडं पडतं.

उतार कुठला निवडायचा? इथे ऊन उत्तरेकडून येतं हे आपल्या डोक्यात लवकर बसत नाही. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, रात्रभर दहिवर गोठलेलं असतं, आणि सकाळी ऊन पडलं की वॉलबी उत्तरेकडच्या उतारावर, झुडपाच्या कडेला येऊन ऊन खात बसतात. वर्षातली सगळ्यात सोपी वेळ हीच. उन्हाळ्यात मात्र दिवसभर त्या झुडपात, नेच्यांत, उंच टसॉकमध्ये पडून असतात. संध्याकाळी सावल्या लांबल्या की उतरून कुरणाच्या कडेला येतात. म्हणजे उन्हाळ्यात शेवटचा तासभर, हिवाळ्यात पहिले दोन तास.

दुर्बिणीतून 'अख्खी वॉलबी' शोधू नका. करड्या-तपकिरी टसॉकमध्ये करडी-तपकिरी वॉलबी दिसत नाही. शोधायचे ते कान, दोन टोकं, एखादं हळूच वळणारं. काळं नाक. खांद्यावरची तांबूस झाक, जी सकाळच्या उन्हात दगडापेक्षा वेगळी उठून दिसते. एका झुडपाची सावली पूर्ण बघून झाली की पुढचं झूडप, डावीकडून उजवीकडे, आणि मग परत तोच उतार. दुसऱ्या फेरीत दिसलेला 'नवा दगड' नीट बघा.

वारा सांभाळा. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर जाते. हा पलटा होतो त्या अर्ध्या तासात तुमचा वास कुठेही जाऊ शकतो, तेव्हा पुढे सरकायची घाई करू नका.

दिसल्यावर काय करायचं, आणि कुठली बंदूक, ते प्रतिसादांत बोलू. आधी माग कसे ओळखायचे ते सांगतो, कारण ज्या शेतावर मागच नाही तिथे दुर्बीण लावून बसण्यात अर्थ नाही.

कुंपणाच्या कडेने चाला. मेंढ्यांच्या कुंपणाची सगळ्यात खालची तार आणि जमीन यांच्यामध्ये घासून गुळगुळीत झालेली खोबण दिसली तर गुडघ्यावर बसा आणि तारेकडे बघा. वॉलबी शक्यतो कुंपणावरून उडी मारत नाही, खालून घुसते. तारेच्या पिळात राखाडी मऊ केस अडकलेले सापडतात. लोकर नव्हे, लोकर तेलकट आणि कुरळी असते, हे केस सरळ असतात. मग त्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना माती बघा. पुढच्या पायांचे ठसे छोटे, मागच्या पायांचे लांबट, शेजारी शेजारी जोडीने. सावकाश चरत गेली असेल तर मधून शेपटी टेकल्याची रेघसुद्धा असते. हे सगळं एका जागी मिळालं तर ती त्यांची रोजची वाट आहे.

लेंड्या: सशाच्या लेंड्या गोल गोळ्या असतात, सगळ्यांना माहीत आहेत. वॉलबीच्या मोठ्या, थोड्या चौकोनी किंवा एका टोकाला निमुळत्या, आणि विखुरलेल्या. फोडल्या तर आत बारीक गवताचा चोथा. ताज्या असतील तर वरून चकाकतात.

विचारा काय विचारायचं ते.

---

नाशिकचा_द्राक्षवाला

भाऊ, जबरदस्त. मी फेअरलीजवळ आहे. मला नेहमी ससा (इथला मोठा हेअर) आणि वॉलबी यात गोंधळ होतो. लांबून कान दोघांचेही उभे. कसं ओळखायचं?

वायटाकीकाठ

बसलेली असेल तर खांदे बघा. हेअरचं शरीर पुढून मागपर्यंत सारखं. वॉलबी खाली जाड, वर निमुळती, आणि पुढचे हात छातीशी लोंबत ठेवून बसते. पळताना तर प्रश्नच नाही: हेअर चार पायांवर धावतो, कान मागे पाडतो. वॉलबी दोन पायांवर टणाटण, शेपूट मागे ताठ. आकारातही फरक आहे. बेनेट्सचा मोठा नर उभा राहिला की साधारण ८० सेंमी भरतो, वजन वीस किलोपर्यंत जातं. हेअर त्याच्यापुढे किरकोळ.

आणि खात्री होत नसेल तर गोळी नाही. हा विषय संपला.

---

पाणकोंबडी

माफ करा, पण मला हा धागा बघून वाईट वाटलं. इतका गोंडस प्राणी, पोटपिशवीत पिल्लू. आपण मराठी माणसांनी परदेशात जाऊन 'शिकारीच्या टिपा' द्याव्यात? ऑस्ट्रेलियात तर या प्राण्याला संरक्षण आहे ना?

मेलबर्नचा_मोरू

पाणकोंबडी, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्याकडे व्हिक्टोरियात वॉलबी देशी प्राणी, त्यामुळे हात लावायची सोय नाही, वेगळी परवानगी लागते. टास्मानियात बेनेट्स वॉलबी देशीच, पण तिथे परवाना काढून शिकार चालते, शिवाय पीक वाचवायला शेतकऱ्यांना स्वतंत्र परवानगी मिळते. न्यूझीलंडचं गणितच निराळं. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. तिथली झाडं अशा चरणाऱ्या प्राण्याची सवय नसताना वाढलेली आहेत.

वायटाकीकाठ

मोरूंनी माझं काम हलकं केलं. पाणकोंबडी, तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. मला स्वतःला 'मजा' म्हणून मारणाऱ्यांचा राग येतो. पण इथल्या टेकडीवर एकदा कुंपणाच्या दोन्ही बाजू बघा. आतल्या बाजूला, जिथे वॉलबीला मज्जाव आहे, तिथे कोवळी झाडं गुडघ्याएवढी. बाहेर नुसती माती आणि टसॉकची बुडखं. सरकारने २०२० मध्ये 'टिपू माटोरो' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, चार वर्षांसाठी २ कोटी ७४ लाख डॉलर ठेवले, ते काही हौसेखातर नाही.

रानवाट

यवतमाळहून वाचतोय. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही एका रात्रीत सोयाबीनचं वाटोळं करतात, तेव्हा शहरातला नातेवाईक फोनवर म्हणतो, "अरे पण बिचारी ती!" बिचारे आम्हीबी आहोत ना. फरक इतकाच की इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय गोळी झाडली तर जेल. आणि रोही इथलीच, ती कुणी बाहेरून आणून सोडली नाही. म्हणून वॉलबीची गोष्ट वाचून "चला आपणही" असं कुणी डोक्यात घेऊ नका. वाचायला मजा येऊन राहिली, लिहीत रहा.

अर्धवट

पाणकोंबडींसाठी एक उलटी गोष्ट. ऑकलंडजवळच्या कावाऊ बेटावर गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी १८७० च्या सुमारास वॉलबीच्या बऱ्याच जाती आणून सोडल्या. त्यातली एक पार्मा वॉलबी. ऑस्ट्रेलियात ती नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते, आणि १९६५ मध्ये लक्षात आलं की कावाऊवर ज्यांना उपद्रवी म्हणून मारत होते त्यांत पार्मा आहेत! मग मारणं थांबवून पकडून परत पाठवायला सुरुवात झाली. दोनच वर्षांनी न्यू साउथ वेल्समध्ये गॉस्फर्डजवळ जंगलात जिवंत पार्मा सापडल्या. तेव्हा 'उपद्रवी' हा शिक्का मारताना जात कुठली हे बघणं बरं.

वायटाकीकाठ

हे भारी आहे. पण दक्षिण कँटरबरीत फक्त बेनेट्स, तेव्हा इथे तो पेच नाही.

---

टेकडीखाली

बंदूक कुठली घ्यावी? दुकानदार टू-फोर-थ्री म्हणतो, सोबतचा किवी म्हणतो पॉइंट टू-टू पुरे. (ही गोळीची मापं.)

वायटाकीकाठ

दुकानदाराचं चुकत नाही, पण फक्त वॉलबी आणि ससे मारायचे असतील तर टू-टू-थ्री बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची) घ्या. दोनशे मीटरपर्यंत सपाट जाते, धक्का कमी, गोळ्या स्वस्त. पुढे हरणाकडे वळायचा विचार असेल तर टू-फोर-थ्री. साधी पॉइंट टू-टू पन्नास मीटरच्या आत, स्थिर जनावरावर, आणि तेही हात बसलेला असेल तरच. मोठा नर पॉइंट टू-टूने जखमी होऊन झुडपात जातो आणि कुठेतरी तडफडत मरतो, ते मला मान्य नाही. शिवाय पॉइंट टू-टूची गोळी दगडावरून, गोठलेल्या जमिनीवरून फार उसळते. हंटर्स हिल्समध्ये दगडांना तोटा नाही.

सायलेन्सर (इथे सप्रेसर म्हणतात) न्यूझीलंडमध्ये सरळ विकत मिळतो, त्याला वेगळा परवाना लागत नाही. भारतातून आलेल्यांना हे ऐकून धक्काच बसतो. घ्या. कान वाचतात, आणि पहिल्या गोळीनंतर बाकीच्या वॉलबी आवाज कुठून आला या गोंधळात थोडा वेळ थांबतात.

बायपॉडपेक्षा (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूपेक्षा) मला पाठीवरची बॅग पुढे टाकून तिच्यावर रायफल टेकवणं आवडतं. टसॉकमध्ये बायपॉडचे पाय नेमके गवतात रुततात.

टेकडीखाली

पळायला लागली तर?

वायटाकीकाठ

पळत्यावर मारू नका. बिचकलेली वॉलबी आधी मागचा पाय जमिनीवर आपटते, धप् असा आवाज येतो, तो बाकीच्यांना इशारा. मग सगळ्या उड्या मारत निघतात. पण फार गडबड झाली नसेल तर साधारण पन्नास-शंभर मीटरवर, बहुतेक वेळा झुडपात शिरायच्या आधी, एखादी थांबून मागे वळून बघते. रायफल टेकवून तयार बसलात तर ती संधी. नाही थांबली तर जाऊ दे. उद्या त्याच वाटेने येणार आहे.

नेम छातीवर, पुढच्या हाताच्या मागे. मागे डोंगर पाहिजे. कड्याच्या टोकावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी असलेली कितीही मोठी असो, गोळी नाही. गोळी पलीकडच्या दरीत कुठे जाईल सांगता येत नाही, आणि पलीकडच्या दरीत कुणीतरी मेंढ्या हाकत असतो.

मादी पडली तर पोटपिशवी तपासायची. हे टाळून चालत नाही. पिल्लू असेल तर त्याला तिथल्या तिथे, एका घावात संपवावं लागतं. घरी नेऊन वाढवू म्हणाल तर कायद्याने गुन्हा आहे. जिवंत वॉलबी बाळगणं, हलवणं, सोडणं, सगळ्याला बंदी. ज्याला हे जमणार नाही त्याने शिकारीला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

---

तळ्याकाठचा

मी रोटोरुआत असतो. आमच्याकडची डामा वॉलबी. १९१२ मध्ये ओकारेका तळ्यापाशी सोडलेली. बेनेट्सपेक्षा बरीच लहान, पाच-सहा किलोची, नि राहते दाट जंगलात. वायटाकीकाठ यांचं 'समोरच्या उतारावर बसा' इथे चालत नाही, कारण समोर उतारच दिसत नाही, नुसती नेची आणि झाडोरा. इथे जंगल आणि कुरण मिळतात ती कड धरायची. संध्याकाळी कडेपासून थोडं आत, वाऱ्याच्या खाली, झाडाला टेकून बसायचं. पंधरा-वीस मीटरवर अचानक उभी राहते. ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) आठवडाभर कुंपणाच्या खोबणीवर लावून ठेवला तर कुठल्या वेळी येते ते कळतं. मग वेळ वाया जात नाही.

नाशिकचा_द्राक्षवाला

रात्री स्पॉटलाइट लावून सोपं जाईल ना?

तळ्याकाठचा

खासगी शेतावर, मालकाच्या परवानगीने, हो. डॉकच्या म्हणजे संवर्धन खात्याच्या जमिनीवर अजिबात नाही. तिथल्या परमिटमध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत शिकार बंद असते. परमिट फुकट आहे, ऑनलाइन मिळतं. वाचून मग सही करा.

वायटाकीकाठ

स्पॉटलाइटबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

२०१० साली तुरांगीजवळच्या कॅम्पसाइटवर एक बाई रात्री डोक्याला दिवा लावून दात घासत होती. स्पॉटलाइट मारत फिरणाऱ्याला वाटलं हरणाचे डोळे चमकले. त्याने गोळी झाडली. बाई गेली. इथे परवान्याच्या परीक्षेला सात नियम शिकवतात, त्यातला चौथा: लक्ष्याची निःसंशय ओळख पटवा. डोळ्यांची चमक म्हणजे ओळख नव्हे. मेंढीचे डोळे चमकतात, कुत्र्याचे चमकतात, माणसाचा हेडलॅम्प चमकतो. चमक दिसली की प्रकाश स्थिर धरा आणि अंग दिसू द्या: कान, खांदा, शेपूट. अंग दिसत नसेल तर पुढे चला.

थर्मल दुर्बिणीचंही तेच. थर्मलमध्ये उष्ण ठिपका दिसतो, शोधायला अप्रतिम, पण मेंढीचं कोकरू आणि वॉलबी लांबून सारखेच पांढरे ठिपके. थर्मलने शोधा, प्रकाशात ओळखा.

रात्री जाणार असाल तर दिवसा तेच शेत पायाखाली घाला. घरं कुठे, रस्ता कुठे, शेजाऱ्याच्या गाई कुठल्या कुरणात, हे उजेडात बघून ठेवायचं. शेजाऱ्याला फोन करून सांगायचं. आणि गाडी रस्त्यावर घेताना चेंबर रिकामा, मॅगझिनही रिकामं.

---

खवय्या

इतकं वाचलं, पण खाण्याबद्दल कुणीच बोलेना! वायमाटेला वॉलबीचा पाय मिळतो (म्हणजे 'पाय' तो पेस्ट्रीतला) तो मी खाल्लाय, बरा होता. घरी करायचं तर?

वायटाकीकाठ

मागच्या मांड्या आणि पाठीच्या कण्याकडेचे दोन लांब पट्टे, एवढंच घ्या, बाकी फार काही निघत नाही. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे बोकडासारखं तासभर नुसतं परतत बसलात तर चामडं होतं. पाठीचे पट्टे पातळ कापून तव्यावर पटकन. मांड्यांचा रस्सा कुकरमध्ये, वाटण नेहमीचं: कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला, वरून तेल थोडं सढळ, कारण मांसात तेल नाही.

दोन काळज्या. एक, विषाची आमिषं टाकलेली जागा असेल तर तिथलं काहीही खायचं नाही. शेताच्या आणि डॉकच्या फाटकांवर पाट्या असतात, शेतमालकालाही विचारा. दुसरं, पूर्ण शिजवा. वॉलबीत टॉक्सोप्लाझ्माचा जंतू असू शकतो. घरात गरोदर बाई असेल तर कच्चं मांस हाताळायला देऊ नका. आणि शिकारीचं मांस स्वतः खायचं, वाटायचं. विकायचं नाही, कायद्यात बसत नाही.

खवय्या

काळा मसाला! आता परवाना काढणं आलं.

---

नवखा_टिमारू

परवान्याबद्दल कुणी नीट सांगेल का? आणि माझे मेहुणे डिसेंबरात भारतातून येताहेत, त्यांना एकदा नेता येईल का?

तळ्याकाठचा

ते तारी पुरेके, म्हणजे फायरआर्म्स सेफ्टी ऑथॉरिटी, त्यांच्याकडे अर्ज. वय किमान १६. लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष सुरक्षिततेचा वर्ग, मग मुलाखती. तुमची होते, जवळच्या नातेवाइकाची होते, आणि घराबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाची होते. म्हणजे लग्न झालं असेल तर बायकोची मुलाखत पक्की. घरात बंदूक ठेवायची तिजोरी आधी बसवून ठेवा, येऊन बघतात. पहिला परवाना पाच वर्षांचा, नंतरचा दहा वर्षांचा. आता प्रत्येक बंदुकीची नोंदही करावी लागते, ती रजिस्ट्री जून २०२३ पासून सुरू झाली.

मेहुण्यांना परवान्याशिवाय गोळी झाडता येते, पण परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली. थेट म्हणजे तुम्ही हात लांब केला तर बंदुकीला लागेल एवढ्या अंतरावर, आणि त्या वेळी तुमच्या हातात दुसरी बंदूक नको. "तू तिकडे बस, मी इकडे बसतो" हे चालत नाही.

वायटाकीकाठ

बरोबर. मेहुण्यांसाठी माझी सूचना: आधी दोन सकाळी नुसती दुर्बीण द्या. ८×४२ किंवा १०×४२ पुरते. ज्याला दुर्बिणीतून वॉलबी स्वतः शोधता येत नाही त्याला बंदूक देण्यात हशील नाही. परवाना येईपर्यंत तुम्हीही तेच करा, बघायला परवाना लागत नाही.

नवखा_टिमारू

आणि जागा? ओळखीचा शेतकरी नाही.

वायटाकीकाठ

डेअरीचा मालक किंवा मॅनेजर कुठल्यातरी डोंगरी मेंढीवाल्याला ओळखतोच, त्याच्याकरवी विचारा. फोनपेक्षा दिवसाउजेडी घरी जाऊन भेटलेलं बरं. सांगायचं काय? आम्ही दोघं, अमुक बंदूक, अमुक दिवस, ससेही मारून देऊ. सशांचं नाव काढलं की निम्मे शेतकरी मऊ होतात. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. ऑगस्ट ते ऑक्टोबर कोकरं होतात, तेव्हा विचारायलाच जाऊ नका, मेंढ्या बिथरल्या तर तो तुम्हाला जन्मात परत येऊ देणार नाही. कुत्रा नेणार असाल तर त्याला जंताची गोळी दिल्याचं विचारतील, 'शीप मीझल्स'ची, म्हणजे कुत्र्याकडून मेंढ्यांना होणाऱ्या फीतकृमीच्या रोगाची भीती असते. मेलेल्या वॉलबीचं काय करायचं तेही त्यालाच विचारा. कुणी म्हणतो तिथेच राहू दे, कुणी म्हणतो खड्ड्यात आणून टाक.

टेकडीखाली

मी ओमारूच्या मागच्या बाजूला राहतो, म्हणजे वायटाकीच्या दक्षिणेला. इकडे दिसली तर मारली तर चालेल ना?

वायटाकीकाठ

इथे थांबा. वायटाकीच्या दक्षिणेला, रँगिटाटाच्या उत्तरेला, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर दिसली तर आधी कळवा. वॉलबी-निर्मूलन कार्यक्रमाची माणसं कुत्रे आणि थर्मल घेऊन येतात आणि आजूबाजूच्या सगळ्या शोधतात. तुम्ही एक मारलीत तर बाकीच्या बिथरून कुठे पांगतील सांगता येत नाही, आणि मग शोधणाऱ्यांचं काम दुप्पट. पट्ट्याच्या आत हौशी शिकाऱ्यांनी किती मारल्या याने फार फरक पडत नाही, हे मी शिकारी असूनही म्हणतो. बाहेर मात्र एकेका वॉलबीला महत्त्व आहे. आणि काही ठिकाणी ती आपल्या पायाने पोचलेली नाही, कुणीतरी गाडीतून नेऊन सोडली असा दाट संशय आहे. असलं कुणी बोलताना ऐकलंत तर तेही कळवा.

टेकडीखाली

काल कुरो गावाच्या रस्त्यावर, आमच्या बाजूला, गाडीखाली आलेली एक पडलेली होती. मेलेली पण कळवायची?

वायटाकीकाठ

हो, मेलेलीसुद्धा. रिपोर्टवॉलबीज या संकेतस्थळावर जा, नकाशावर जागा दाखवा, फोटो असेल तर जोडा. नसेल तर आज परत जाताना काढा, पण गाडी नीट बाजूला घेऊन. आणि पोटपिशवी दिसत असेल तर मादी होती हेही लिहा.